गुरुजींचा फ्रिज: मोबाइलवरून की बाजारपेठेतून?

रत्नागिरी जिल्ह्यात, देवरुखच्या पुढे एका वाडीत माझे आई-बाबा राहतात. घर गाडीरस्त्याला लागून नाही. रस्त्यावरून चिऱ्याची पाखाडी उतरून खाली जावं लागतं आणि पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. जुलै २०२५च्या अखेरीस, ऐन पावसात, त्यांचा जुना फ्रिज बंद पडला. कंप्रेसर गेला होता. मेकॅनिकने दुरुस्तीचा आकडा सांगितल्यावर नवाच घ्यायचं ठरलं. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, ३१ला गौरी येणार होत्या, म्हणजे घर माणसांनी भरणार होतं. तरी खरी घाई सणाची नव्हती. बाबांना इन्सुलिन चालू आहे.

न उघडलेली इन्सुलिनची बाटली २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. वापरात असलेली बाटली उन्हापासून लांब, ३० अंशांच्या खाली राहिली तर बहुतेक प्रकारांत चारेक आठवडे चालते. नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर छापलेली असते. आईने शिल्लक बाटल्या डब्यात घालून शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. दुसऱ्याच्या घरात औषध ठेवून किती दिवस राहणार? म्हणून फ्रिजची निवड लांबवता येत नव्हती आणि ती चुकूनही चालणार नव्हती. सविस्तर लिहिण्यासारखं हे प्रकरण मला त्यामुळेच वाटलं. ऑनलाइन की दुकान, हा वाद एरवी आवडीनिवडीचा होऊन बसतो. इथे तो कामाचा होता.

दादा डोंबिवलीला, मी पुण्याला. व्हिडिओ कॉलवर दादाने लगेच मोबाइल काढला. एका दाराचा, १९० लिटरच्या आसपासचा, तीन स्टारचा फ्रिज त्याने दाखवला. किंमत १५,४९० रुपये आणि त्याच्या बँकेच्या कार्डावर आणखी १,००० रुपये सूट.

"बाबा, आत्ता ऑर्डर टाकतो. तुम्हाला कुठे जायला नको."

"अरे, पण तो पाखाडीवरून खाली आणणार कोण?"

"घरपोच आहे, बाबा."

"त्यांचं घरपोच म्हणजे वरचा रस्ता."

बाबांचं म्हणणं खरं होतं, पण दादाचंही चूक नव्हतं. देवरुखच्या बाजारपेठेत त्याच कंपनीचा, तोच मॉडेल नंबर असलेला फ्रिज १६,८०० रुपयांना होता. निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनीतून जाणारा पैसा कमी कसा जाईल, हे मुलाने बघायलाच हवं.

किंमत नेमकी कशाची

आम्ही दोन्हीकडचा खर्च शेवटपर्यंत मांडला. शेवटपर्यंत म्हणजे फ्रिज स्वयंपाकघरात चालू होऊन जुना फ्रिज घराबाहेर जाईपर्यंत.

ऑनलाइन: कार्डाची सूट धरून १४,४९०. वाडी विजेच्या लाइनच्या टोकाला असल्याने स्टॅबिलायझर हवाच, तो १,९००. रस्त्यावरून खाली उतरवायला माणसं लावायची, त्यांची मजुरी ८००. जुना फ्रिज बदलून घेण्याची सोय आमच्या पिनकोडला दिसत नव्हती, म्हणून तो भंगारवाल्याला. त्याने ६०० सांगितले. एकूण १६,५९०.

दुकान: बाबांनी घासाघीस केल्यावर १६,३००, त्यात फ्रिज पाखाडी उतरवून घरात लावून देणं आलं. स्टॅबिलायझर २,०००. जुन्या फ्रिजचे १,००० वजा. एकूण १७,३००.

मोबाइलवर १,३१० रुपयांचा दिसणारा फरक, कार्डाची सूट धरली तर २,३१०, प्रत्यक्षात ७१० वर आला. तरीही ऑनलाइनच स्वस्त होतं, हे मुद्दाम सांगते. दुकानाच्या बाजूने बोलणारी माणसं पुष्कळदा असं दाखवतात की सगळा हिशेब केला की दुकानच स्वस्त पडतं. कधी पडतं, कधी नाही. आमच्या बाबतीत नाही पडलं. मग प्रश्न असा उरला की ७१० रुपये जास्त देऊन आपल्याला काय मिळतंय, आणि ते आपल्याला हवं आहे का?

हे ठरवायला दोन प्रश्न कामाला आले. पहिला: ही वस्तू आकड्यांत आणि शब्दांत पूर्ण सांगता येते का? दुसरा: ती बिघडली तर दारात कोण येणार, आणि किती दिवसांनी?

पहिल्या प्रश्नाला फ्रिज ऑनलाइनच्या बाजूने उत्तर देतो. लिटर, स्टार, वर्षाचा वीजवापर, उंची-रुंदी, वॉरंटी, सगळं छापलेलं असतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलवर वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडा असतो. स्टारपेक्षा तो बघावा, कारण स्टारचे निकष काही वर्षांनी कडक होतात आणि जुन्या लेबलवरचे तीन स्टार नव्या तीन स्टारइतके नसतात. वॉरंटीही दोन्हीकडे सारखीच होती: पूर्ण फ्रिजवर एक वर्ष, कंप्रेसरवर दहा वर्षं. ती कंपनीची असते, बिलाच्या तारखेवरून आणि सीरियल नंबरवरून चालते. "ऑनलाइन घेतलेल्याला कंपनी विचारत नाही" असं वाडीत दोघा-तिघांनी बाबांना सांगितलं होतं. विक्रेता अधिकृत असेल आणि पक्कं बिल असेल तर तसं नसतं.

दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री घ्यावा असं वहिनीचं मत होतं. बर्फ वितळवत बसायला नको. पण आमच्याकडे वादळी पावसात लाइट तासन् तास जाते. एका दाराच्या डायरेक्ट-कूल फ्रिजला वीज कमी लागते, आणि लाइट गेल्यावर त्यातला साठलेला बर्फ थंडावा धरून ठेवतो. तेव्हा तोच पक्का झाला. एक काळजी मात्र घ्यावी लागते. अशा फ्रिजमध्ये फ्रीजरच्या लगत, वरच्या कप्प्यात वस्तू गोठू शकते, आणि गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. ते खालच्या बाजूला किंवा दारात ठेवायचं.

दुसऱ्या प्रश्नाने पारडं फिरवलं.

आमच्या भागात कंपनीचा माणूस येतो तो रत्नागिरीहून. टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवली की आपल्या बाजूच्या तक्रारी साठल्यावर तो एकदम फेरी मारतो. मोठी उपकरणं ऑनलाइन घेतली तर खराब निघाल्यास सहसा थेट परत घेत नाहीत. आधी तंत्रज्ञ येऊन बघतो, त्याने दोष मान्य केला की बदली. ही सगळी प्रक्रिया त्यांनी ठरवलेल्या सात किंवा दहा दिवसांत सुरू करावी लागते. डोंबिवलीत हे सहज जमतं. आंबा घाटात दरड आली, मुंबई-गोवा महामार्गावर ट्रक अडकले, की आमच्याकडे मालाची तारीखच पुढे सरकते. दादाच्या मोबाइलवर डोंबिवलीसाठी दुसऱ्या दिवसाची आणि आमच्या पिनकोडसाठी दीड आठवड्यापलीकडची तारीख दिसत होती. घरी आजारी माणूस, त्याचं औषध फ्रिजवर अवलंबून, आणि आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे. ओटीपी देण्याआधी खोकं उघडून डेंट बघा, व्हिडिओ काढा, हे त्यांना फोनवरून समजावायचं म्हणजे त्यांच्यावर नको ते ओझं.

आणखी एक गोष्ट पाखाडीमुळे लक्षात आली. फ्रिज उभाच न्यायचा असतो. आडवा झाला तर कंप्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. मग काही तास उभा ठेवून मगच चालू करावा लागतो. रोजंदारीवर आणलेल्या चौघांना ओल्या पायऱ्यांवर हे कोण सांगणार? दुकानाची माणसं रोज हेच काम करतात, आणि काही मोडलं तर भरपाई त्यांच्या मालकाची.

दुकानात

दादाने मध्येच एक सुचवलं: "बाबा, दुकानात जाऊन नीट बघून घ्या, दार उघडून बघा, कप्पे बघा. मग मी इथून मागवतो." पुष्कळजण करतात हे. मला ते मान्य नाही, आणि मी तसं सांगितलं. दुकानदाराने भाडं भरून, पैसे अडकवून माल मांडलेला असतो, माणूस उभा केलेला असतो. त्याचा अर्धा तास घ्यायचा तर विकत घेण्याचा विचार खरा असायला हवा. नुसतं बघायचं असेल तर ज्याच्या घरी तो फ्रिज आहे त्याच्याकडे जावं. छोट्या गावात तर असं दुकान बंद पडलं की पुढच्या खेपेला बघायलाही काही उरत नाही.

बाबांनी पहिल्या दुकानात भाव विचारला तेव्हा तिथे वेगळंच ऐकायला मिळालं. बिल नको असेल तर आणखी कमी करतो, म्हणाले. बाबा तिथून उठले. पक्कं बिल नसेल तर वॉरंटीला आधार नाही आणि तक्रारीलाही नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथाच धरली आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हेही त्याच यादीत येतं. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी भिंतीवर लावून दुकानदाराला त्यातून सुटता येत नाही. हे सांगायला हवं, कारण ऑनलाइनकडे लोक वळले त्याचं मोठं कारण ती पाटीच आहे. कपड्याची शिवण उसवली तरी दुकानात आवाज चढतो, आणि ॲपवर एक बटण दाबलं की माणूस येऊन घेऊन जातो, असा अनुभव आला तर गिऱ्हाईक परत का येईल?

दुसऱ्या दुकानाचा मालक बाबांचा जुना विद्यार्थी निघाला. बाबांनी मोबाइलवरची किंमत त्याच्यापासून लपवली नाही.

"गुरुजी, त्या भावात मला कंपनीकडून फ्रिज येतच नाही. बँकेची सूट तर माझ्या हातात नाही. पण तुमच्या घरात लावून देईन, आणि काही झालं तर मला फोन करायचा. कंपनीला मी बघतो."

"शब्द देतोस?"

"बिलामागे लिहून देतो, गुरुजी."

पाचशे कमी झाले ते इथे. शब्दावर ठेवण्यापेक्षा ते बिलामागे लिहून घेतलं हे बाबांनी चांगलं केलं: घरात लावून देणं, जुना फ्रिज उचलणं आणि त्याचे हजार रुपये. ओळखीच्या दुकानात लोक नेमकं हेच टाळतात, संकोच वाटतो म्हणून. ओळख असते तिथे लिहिलेलं जास्त बरं. पुढे दोघांनाही अवघड होत नाही.

निर्णय झाला. फ्रिज दुकानातून. सातशे दहा रुपयांत आम्ही काय विकत घेतलं तर पाखाडीवरची जोखीम दुसऱ्याच्या अंगावर गेली, दोन-तीन दिवसांत फ्रिज चालू झाला, आणि फोन केल्यावर ओळखणारा एक माणूस मिळाला. दादाला हे पटलं, पण एका अटीवर: यादीतल्या बाकीच्या वस्तू भावनेच्या भरात दुकानाच्या नावावर टाकायच्या नाहीत.

यादीतल्या बाकीच्या वस्तू

अट योग्यच होती, कारण बाकीच्या वस्तूंनी वेगवेगळी उत्तरं दिली.

आईला रक्तदाब मोजायचं मशीन हवं होतं. बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये एकच प्रकार होता, नेहमीच्या मापाच्या पट्ट्याचा. तो साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर दंडाला चालतो. आईच्या दंडाचा घेर टेपने मोजला तर ३५ भरला. घट्ट बसणाऱ्या लहान पट्ट्याने रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, आणि त्यावरून कुणी गोळी वाढवली तर? मोठ्या पट्ट्याचं मशीन, २२ ते ४२ सेंटिमीटरचं, ऑनलाइन मिळालं. माप कळलं की वस्तू कळली; हात लावून बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. मेडिकलवाले म्हणाले मागवून देतो, पण किती दिवसांत ते त्यांना सांगता येईना.

मिक्सरचं चटणीचं भांडं तडकलं होतं. दुकानांत त्या जुन्या मॉडेलचं भांडं नव्हतं. एकाने नवा मिक्सरच घ्या म्हणून सुचवलं. मिक्सरच्या तळाला चिकटवलेल्या कागदावरचा मॉडेल नंबर ऑनलाइन शोधला आणि भांडं आलं. जुन्या वस्तूंचे सुटे भाग हे ऑनलाइन बाजाराचं सर्वांत मोठं उपकाराचं काम आहे असं मला वाटतं. चालती वस्तू टाकून द्यावी लागत नाही. अर्थात मागवताना विक्रेत्याचं नाव बघितलं. ॲप कुणाचंही असो, विकणारा बहुतेकदा वेगळाच असतो, आणि २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याची माहिती व वस्तूचा मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे.

बाबांच्या चपलांचं उत्तर उलट. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, जखम झाली तरी कळत नाही, म्हणून डॉक्टरांनी मऊ एमसीआर रबराच्या चपला सांगितल्या होत्या. त्याच मॉडेलच्या दोन जोड्यांतही कडा वेगळ्या लागतात. संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो तेव्हा घालून, दुकानात चार पावलं चालून, मग पायावर लाली उठली का ते बघून घेतल्या. त्या रत्नागिरीत मिळाल्या. परत पाठवण्याची सोय कितीही सोपी असली तरी पायाला झालेली जखम परत पाठवता येत नाही.

इन्सुलिन गावातल्या मेडिकलमधूनच. कुणी सुचवलंही नाही की ऑनलाइन सवलत बघा. वाटेत थंडी टिकली की नाही हे आपल्याला कळायचा मार्ग नसतो; मेडिकलमधून आई बर्फाच्या पिशवीत घालून आणते आणि लागेल तेवढंच आणते.

किराण्याचं सांगायला नको. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सुरुवातीला ऑनलाइनवर फक्त जीवनावश्यक वस्तूंना परवानगी होती आणि त्याही आमच्या वाडीपर्यंत पोचत नव्हत्या. किराणावाल्याने यादी फोनवर घेऊन सामान वरच्या रस्त्यावर ठेवलं आणि पैसे नंतर घेतले. आई आजही दुसरीकडून तांदूळ घेत नाही.

फ्रिज आल्यावर

फ्रिज ठरलेल्या दिवशी आला, उभाच आला. पाखाडीवर माणसांनी मध्ये दोनदा टेकवला. पहिले दोन आठवडे काही तक्रार नव्हती. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि बाबांना चुटपुट लागली: थांबलो असतो तर स्वस्त मिळाला असता का? फ्रिजवर जुलै २०१८ पासूनच १८ टक्के कर आहे. पुढे २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ वर आले ते एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही. फ्रिजच्या करात काही फरक पडला नाही. दर कमी होणार म्हटलं की सगळ्याच वस्तू स्वस्त होतील असं धरून चालू नये; आपल्या वस्तूचा दर आज किती आहे ते आधी बघावं.

खरी परीक्षा गणपतीत झाली. वाडीतल्या सगळ्या घरांत माळा लागल्या, पाहुणे आले, पाण्याच्या मोटारी चालू झाल्या, आणि संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडायला लागलं की स्टॅबिलायझर फ्रिजचा पुरवठाच तोडायचा. फ्रिज बंद, आत दूध, नैवेद्याचं सामान आणि इन्सुलिन. बाबांनी दुकानात फोन केला. चतुर्थीच्या दिवशी कुणी आलं नाही, हे सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुकानातला मुलगा मोटारसायकलवरून आला. मीटर लावून त्याने दाखवलं की व्होल्टेज त्या स्टॅबिलायझरच्या खालच्या मर्यादेपेक्षा कमी येतंय. फ्रिजमध्ये दोष नव्हता. त्याने स्टॅबिलायझर परत घेतला, १३० व्होल्टपासून चालणारा दिला, वरचे ४०० रुपये घेतले.

ऑनलाइन घेतला असता तर टोल-फ्री नंबरवर फ्रिज बंद पडतो अशी तक्रार गेली असती. तंत्रज्ञ सणानंतर, दिवसा आला असता, दिवसा व्होल्टेज ठीक असतं, आणि फ्रिज उत्तम चालतो असं लिहून गेला असता. इथे फ्रिज, स्टॅबिलायझर आणि वाडीची वीज तिन्ही एकाच माणसाला माहीत होती. एका वस्तूचा दोष दुसऱ्या वस्तूत दिसतो तेव्हा हा माणूस किती मोलाचा असतो हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्याच दिवशी वायरमनकडेही तक्रार दिली, कारण मूळ दुखणं लाइनचं आहे.

दादाला मी एक मात्र कबूल केलं. तोच फ्रिज डोंबिवलीत, लिफ्ट असलेल्या इमारतीत, सरळ विजेवर घ्यायचा असता तर ऑनलाइनच घ्यावा. पाखाडी नाही, स्टॅबिलायझर नाही, सर्व्हिस सेंटर रिक्षाच्या अंतरावर. फक्त कार्टमध्ये न मागता घातलेला विमा, शेवटच्या पानावर वाढलेले हाताळणी शुल्क, "फक्त दोन शिल्लक"ची खोटी घाई, यांवर लक्ष ठेवायचं. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा १३ फसव्या युक्त्यांना मनाई केली आहे. आणि काही बिनसलंच तर ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. नाहीच झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन, त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता कुठल्याही राज्यातला असो, ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आई-बाबांना तर रत्नागिरीलाच जावं लागेल, विक्रेता बंगळुरूचा असला तरी.

बिलाचा कागद थर्मल आहे. वर्षभरात अक्षरं उडतील आणि कंप्रेसरची वॉरंटी दहा वर्षांची. त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो तिघांच्याही मोबाइलमध्ये आहेत.

आता वहिनीने आईसाठी वॉशिंग मशीनचा विषय काढलाय. तिथे घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलंय. घरात विहिरीचं पाणी टाकीतून येतं, दाब कमी, आणि बाजारपेठेतल्या त्या दुकानाकडे ज्या कंपनीची मशीन आहे तिची सेवा या भागात नीट नाही, असं मालकाने स्वतःच बाबांना सांगितलं. कमी दाबावर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक ऑनलाइन स्वस्त दिसतेय. बाबा म्हणतात, आधी टाकीची उंची मोजा, मग बघू.